तलवार उपसण्याआधी: चिनी वुशिया चित्रपटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे चिनी मारामारीच्या कुठल्याही सिनेमाला सरसकट 'कराटेचा पिक्चर' म्हणतात. कराटे मुळात ओकिनावाचं, म्हणजे जपानकडचं, पण ते असो. हे पान दोन प्रकारच्या प्रेक्षकांसाठी आहे. एक, ज्यांना 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' आवडला पण पुढे काय पाहावं ते उमगत नाही. दुसरे, जे 'हीरो' पाहून म्हणाले, "दिसायला झकास, पण चाललंय काय?" प्रश्न नेहमी कानावर येणारे आहेत. उत्तरांत मतं माझी आहेत, आणि ती लपवलेली नाहीत.

वुशिया म्हणजे नेमकं काय? कुंग-फूच्या चित्रपटांहून ते वेगळं कसं?

कुंग-फूपटात लढाई हातापायांची असते. मूठ, लाथ, आखाडा, गुरूच्या खुनाचा सूड. काळही बहुधा गेल्या दीड-दोनशे वर्षांतला, म्हणजे बंदुका आलेल्या असतात. वुशियापटात तलवार असते, जुन्या राजवटींचा काळ असतो आणि माणसं कौलांवरून पावलांचा आवाज न करता धावतात. दोन्हींमधली रेष पुसट आहे आणि तिच्यावरून वाद घालण्यात मजा नाही.

महत्त्वाचा आहे तो 'शिया', म्हणजे अशा गोष्टींचा नायक किंवा नायिका. दुर्बळाच्या बाजूने शस्त्र उचलणारा, दिलेला शब्द पाळणारा, पण कुणा राजाच्या पदरी नसलेला माणूस. इसवीसनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सीमा चिएन या इतिहासकाराने आपल्या ग्रंथात अशा लोकांवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: यांचं वागणं कायद्यात बसत नाही, पण हे बोलतात ते करतात, स्वतःच्या जिवाची पर्वा करत नाहीत आणि केलेल्या उपकाराची बढाई मारायला लाजतात.

त्यातलं शेवटचं कलम फार कामाचं आहे. नायकाने आपलं सामर्थ्य मिरवायचं नाही हा इथला धर्म, आणि सिनेमा तर मिरवण्यासाठीच जन्मलेलं माध्यम. हा पेच सोडवता सोडवता वुशियाने आपली दृश्यभाषा घडवली. म्हणूनच या प्रकारातल्या सगळ्यांत देखण्या लढती बहुतेक वेळा अशा असतात, ज्यांत निदान एकाला तरी समोरच्याला मारायचं नसतं. पुढच्या उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल.

'जियांगहू' हा शब्द सारखा ऐकू येतो. ते कुठलं ठिकाण?

नकाशावर सापडणार नाही. सराया, नदीचे घाट, डोंगरवाटा, मठ, टोळ्या, पहारा देत माल पोचवणाऱ्या पेढ्या, या सगळ्यांचं मिळून झालेलं जग. तिथे दरबारचा कायदा चालत नाही, आपापसातले संकेत चालतात.

माणसं उडतात, हे पटत नाही. इतकी गंभीर गोष्ट सांगताना ही अतिशयोक्ती कशाला?

उडत नाहीत, हलकी होतात. चिनी कथांमध्ये वर्षानुवर्षांच्या साधनेतून शरीर हलकं करण्याची विद्या असते. ती आली की भिंतीवरून चालता येतं, पाण्यावर पाय टेकून पुढे जाता येतं. आपल्या सिद्धींच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे परकं वाटू नये.

पण पटण्या-न पटण्यापेक्षा मला एक वेगळी गोष्ट सुचवायची आहे. कोण कसं उडतं ते बघा. 'क्राउचिंग टायगर'च्या सुरुवातीच्या रात्रीच्या पाठलागात मिशेल यो जमिनीशी नातं राखून पळते, भिंतीला पाय लावते, कौलं चाचपते. तिच्या पुढे पळणारी बुरखाधारी चोर मात्र सरळ वर निघून जाते. मागे टॅन डूनच्या संगीतातले ढोल तेवढे. एकही वाक्य न बोलता कळतं की एकीने जबाबदाऱ्या अंगावर घेतल्या आहेत आणि दुसरीला कसलंच ओझं नको आहे. पुढचा सगळा चित्रपट याच फरकावर उभा आहे.

तारांवर टांगण्याचं काम प्रत्यक्षात होतं कसं?

पोशाखाच्या आत कंबरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचा साज बांधतात, त्याला बारीक पोलादी तारा, तारा वर कप्प्यांवरून जातात आणि दुसऱ्या टोकाला माणसं. क्रेन आली, यंत्रं आली, तरी हाँगकाँगच्या पद्धतीत तार ओढणाऱ्या माणसांचा हात निर्णायक राहिला. नटाने उडी घेण्याच्या क्षणाआधी ओढलं तर तो पोत्यासारखा उचललेला दिसतो, क्षणभर उशीर झाला तर उडीतला जीव जातो. नट, तारवाले आणि कॅमेरा, तिघांचा मेळ बसला तरच ते उड्डाण वाटतं.

पूर्वी तारा लपवायला त्यांना पार्श्वभूमीचा रंग देत, उजेड जपून लावत. नव्वदच्या दशकापासून संगणकावर तारा पुसता येऊ लागल्या, त्यामुळे जाड आणि सुरक्षित तारा वापरता आल्या. 'क्राउचिंग टायगर'मध्ये बांबूंच्या शेंड्यावर दिसणारे चाउ युन-फॅट आणि झांग झीयी खरोखरच तसे उंच टांगलेले होते. मारामारी बसवली होती युएन वू-पिंग यांनी. त्याच्या आदल्या वर्षी, १९९९ मध्ये, 'द मेट्रिक्स'च्या लढतीही त्यांनीच बसवल्या होत्या.

हे सगळं सुरू झालं कुठून?

शांघायमधून. १९२८ मध्ये मिंगशिंग कंपनीने 'द बर्निंग ऑफ द रेड लोटस टेंपल' काढला. तो इतका चालला की १९३१ पर्यंत त्याचे अठरा भाग आले. लेखक माओ दुन यांनी तेव्हाच्या थिएटरमधल्या आरड्याओरड्याचं वर्णन करून ठेवलं आहे. पडद्यावर तलवारी उडू लागल्या की प्रेक्षक बेभान होत. मग सरकारला वाटलं की यातून अंधश्रद्धा पसरते, पोरं बिघडतात, आणि १९३१ मध्ये बंदी आली. आज त्या मालिकेच्या प्रती उपलब्ध नाहीत. ज्या चित्रपटाने एवढा धुमाकूळ घातला तो आपल्याला फक्त वर्णनांतून माहीत आहे.

पुढे हा प्रकार हाँगकाँगला गेला. १९४९ नंतर मुख्य भूमीवरच्या नव्या राजवटीला असे चित्रपट नकोच होते, त्यामुळे तीसेक वर्षं वुशिया म्हणजे हाँगकाँग आणि तैवान असंच समीकरण राहिलं.

किंग हू यांचं नाव सगळे घेतात. त्यांनी असं काय केलं?

थोडक्यात सांगता येणार नाही, कारण आजचा वुशिया दिसतो तसा दिसतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

किंग हू जन्माने बीजिंगचे, पुढे हाँगकाँगला आले आणि शॉ ब्रदर्सच्या स्टुडिओत कलाविभाग, अभिनय असं करत दिग्दर्शक झाले. १९६६ च्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये त्यांनी चेंग पै-पै या विशीतल्या मुलीला तलवार दिली. तिला बॅले येत होतं, मारामारी नव्हे. किंग हूंना तेच हवं होतं. त्या चित्रपटातला सरायीतला प्रवेश पाहा. ती टेबलाशी बसलेली, भोवती गुंड हळूहळू जमताहेत, चिथावताहेत, आणि ती बसल्या जागी एकेक वार परतवते. कितीतरी वेळ तलवार बाहेर येतच नाही. ताण सगळा वाट पाहण्यात आहे.

मग ते तैवानला गेले. १९६७ चा 'ड्रॅगन इन' तिथे प्रचंड चालला. त्यानंतर 'अ टच ऑफ झेन', तीन तासांहून मोठा, आधी दोन भागांत दाखवला गेलेला, पडलेला. पुढे १९७५ मध्ये कान महोत्सवात त्याला तांत्रिक कामगिरीचं पारितोषिक मिळालं आणि जगाला या प्रकाराची दखल घ्यावी लागली.

त्यांचं तंत्र जवळून पाहायचं तर 'अ टच ऑफ झेन'मधला बांबूच्या वनातला प्रसंग थांबवून थांबवून बघा. उंच बांबू, मधूनच तिरपी उतरणारी उन्हं, धुकं. नायिका यांग झाडाच्या शेंड्यावरून शत्रूवर झेपावते. हे आपण "पाहिलं" असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पडद्यावर काय असतं? पाय बांबूला रेटा देतात. तुकडा संपतो. आकाश आणि पानं, त्यातून काहीतरी सळकन गेलं. तेही क्षणार्धात संपतं. खाली येणारं शरीर, मग पात्याची चमक, मग जमिनीवरचा माणूस. काही तुकडे जेमतेम सात-आठ चौकटींचे, म्हणजे सेकंदाच्या एक तृतीयांश. नट जमिनीजवळ ठेवलेल्या ट्रॅम्पोलिनवरून उडी मारत होते. पूर्ण उड्डाण दाखवण्याची सोय त्यांच्याकडे नव्हतीच. किंग हूंनी त्या गैरसोयीचाच नियम केला: डोळ्याला पुरतं दिसायच्या आत दृश्य काढून घ्यायचं. या माणसांची गती आपल्या नजरेच्या पलीकडची आहे असं त्यातून वाटतं. नायकाने मिरवायचं नाही आणि प्रेक्षकाला तर दाखवायचं, हा पेच त्यांनी असा सोडवला. मला विचाराल तर पुढच्या पन्नास वर्षांत संगणकाच्या मदतीनेही याहून चांगला तोडगा कुणाला सापडलेला नाही.

लढाई आहे की नाच?

दोन्ही, आणि त्याचं कारण सरळ आहे. ही मंडळी पेकिंग ऑपेरातून, म्हणजे चीनच्या जुन्या संगीतनाट्य-परंपरेतून आली. किंग हूंच्या लढती बसवणारे हान यिंगजिए त्याच परंपरेतले. जॅकी चॅन, सॅमो हुंग, युएन बियाव हे तिघे हाँगकाँगमधल्या एकाच ऑपेरा-शाळेत, एकाच कडक गुरूच्या हाताखाली घडले. ऑपेरात लढाईला ताल असतो, चिपळ्यांसारखी लाकडी वाद्यं आणि झांजा तो धरतात. उड्या, गिरक्या, भाल्यांची फेकाफेक होते आणि ऐन क्षणी नट एका ठाम पवित्र्यात गोठतो. कथकमध्ये समेवर येऊन नर्तक जसा थांबतो आणि टाळ्या पडतात, तसंच ते.

तो थांबा सिनेमातही आला. दोन फेऱ्यांमध्ये पात्रं स्थिर उभी राहतात, कपडा हलत राहतो, मग पुन्हा वादळ. हॉलिवूडच्या कित्येक मारामाऱ्या बघवत नाहीत त्या याच कारणाने. तिथे थांबणं नसतं, म्हणून वेगही जाणवत नाही.

मिशेल यो आणि झांग झीयी यांची शस्त्रशाळेतली लढत एवढी नावाजली जाते. तीत खास काय?

झांग झीयीच्या हातात 'ग्रीन डेस्टिनी' ही जगातलं कुठलंही पातं कापणारी तलवार आहे. मिशेल यो हत्यारांच्या मांडणीवरून एकामागून एक हत्यारं उचलते: जोडतलवारी, भाला, आकडीच्या तलवारी, जड दांडा. प्रत्येक हत्याराची चाल वेगळी, अंतर वेगळं, पावलं वेगळी. जड दांडा तिला पेलत नाही आणि क्षणभर हसू येतं. एकेक हत्यार तुटत जातं. शेवटी तिच्या हातात मोडकी तलवार उरते, आणि त्या मोडक्या तलवारीचं टोक ती प्रतिस्पर्धी मुलीच्या गळ्यापाशी आणून थांबवते.

थांबवते. इथेच लढत संपली, कारण कौशल्य कुणाचं मोठं ते सिद्ध झालं. पण मुलीला ते कळत नाही, ती त्या थांबलेल्या हातावर वार करते. तलवार श्रेष्ठ आहे, ती धरणारी अजून नाही, हे संवादातून सांगायला पानभर मजकूर लागला असता. या चित्रीकरणाच्या काळात यो यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली होती आणि शस्त्रक्रिया करावी लागली, हेही जाता जाता माहीत असू द्या.

प्रत्येक चित्रपटात बांबूचं वन का?

किंग हूंनी एकदा ते इतकं नेमकं वापरलं की पुढच्या प्रत्येकाला त्यांना नमस्कार केल्याशिवाय पुढे जाता येईना. अँग ली यांनी 'क्राउचिंग टायगर'मध्ये केला, झांग यीमौ यांनी 'हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स'मध्ये केला. पण तिघांचे बांबू सारखे नाहीत. किंग हूंचा बांबू सापळा आहे. झांग यीमौंचा बांबू शस्त्र आहे, वरून शिपाई टोकदार बांबू फेकून खाली पिंजरा उभा करतात.

अँग लींचा बांबू मात्र झुलतो. झेजियांग प्रांतातल्या आंजी इथलं ते वन. चाउ युन-फॅट एका फांदीवर उभे, एक हात पाठीशी, झोक्याबरोबर वर-खाली होताहेत. समोर झांग झीयी चिडून वार करतेय, घसरतेय, पुन्हा चढतेय. तो शिष्य शोधतोय, ती शत्रू शोधतेय. ही लढत नसून एक नाकारलं गेलेलं आमंत्रण आहे, आणि त्यात थोडी ओढही आहे, जी दोघांपैकी कुणीच उघड कबूल करणार नाही.

'हीरो'मध्ये एकच गोष्ट वेगवेगळ्या रंगांत का सांगितली आहे?

झांग यीमौ यांच्या या चित्रपटाची गोष्ट आधी नीट लावून घेऊ. काळ इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकाचा. छिन राज्याचा राजा बाकीची राज्यं गिळत चालला आहे. इसवीसनापूर्वी २२१ मध्ये तो पहिला सम्राट होणार आहे. जेट ली यांचं निनावी पात्र त्याच्यासमोर येऊन सांगतं की तुमच्या जिवावर उठलेल्या तीन मारेकऱ्यांना मी संपवलं. बक्षीस म्हणून त्याला राजाच्या दहा पावलांवर बसायला मिळतं. आणि दहा पावलांवरून त्याचा वार चुकत नाही.

लाल रंगातली हकीकत त्याची, मत्सराची आणि खोटी. निळी हकीकत राजाने ताडलेली. पांढरी खरी. हिरवी एका मारेकऱ्याच्या, ब्रोकन स्वोर्डच्या, आठवणीतली. दरबारातला वर्तमान काळा-करडा. छायाचित्रण ख्रिस्तोफर डॉयल यांचं, पोशाख एमी वाडा यांचे, मारामारी चिंग स्यू-टुंग यांची. रंग सजावटीसाठी नाहीत, ते साक्षीदार आहेत. कोण बोलतंय ते रंगावरून कळतं.

पिवळ्या पानांची लढत इनर मंगोलियातल्या झाडांत चित्रित झाली. लाल वेशातल्या दोघी, एक वेड्यासारखी चालून येणारी, दुसरी टाळत राहणारी. टाळणारीच्या हातून अखेर मृत्यू घडतो आणि सगळं पिवळं रान लाल होत जातं. तळ्यावरची निळी लढत ज्युझाइगौच्या आरशासारख्या पाण्यावर झाली. तिथे तर दोघे लढताहेत ते किनाऱ्यावर ठेवलेल्या मृत स्त्रीला मानवंदना म्हणून. एका थेंबामुळे तिचा चेहरा ओला होतो आणि लढत थांबते.

माझ्या लेखी मात्र या चित्रपटातलं सर्वोच्च दृश्य यांपैकी एकही नाही. सुलेखनशाळेवर छिनच्या सैन्याचे बाण पावसासारखे पडतात. विद्यार्थी बिथरतात. वृद्ध गुरू आपल्या जागी येऊन बसतो आणि लिहू लागतो. त्याला पाहून पोरं परत येतात, बसतात, लिहितात. बाण छप्पर फोडून शेजारच्याला लागतोय आणि कुंचला हलतोय. बाहेर दोन नायक हजारो बाण तलवारीने उडवून लावताहेत, तो चमत्कार. आत जे चाललंय ते शौर्य.

'हीरो'चा शेवट म्हणजे हुकूमशाहीची भलामण नाही का?

हा आरोप चित्रपट आला तेव्हापासून होतो आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. निनावी मारेकरी शेवटी राजाला मारत नाही, कारण एकसंध राज्य झालं तर युद्धं थांबतील असं त्याला पटवलं गेलं आहे. प्रत्यक्षातला हा सम्राट चिनी इतिहासात पुस्तकं जाळणारा म्हणून कुप्रसिद्ध आहे, आणि त्याबद्दल चित्रपट मूग गिळून बसतो. सीमा चिएनच्या ग्रंथात जिंग के नावाचा मारेकरी याच राजावर खरोखर वार करतो, फसतो आणि मारला जातो. पिढ्यानपिढ्या नायक मानला गेला तो जिंग के. झांग यीमौ यांनी ते उलटवलं. पुढे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळाही त्यांनीच बसवला, तेव्हा टीकाकारांना आयतंच कोलीत मिळालं.

मला आरोप पटतो, पण चित्रपट त्याने संपत नाही. एक तर राजा लिपीबद्दल काय म्हणतो ते आठवा: एक अक्षर एकोणीस तऱ्हांनी लिहितात, ही कटकट मी बंद करणार. ज्या शाळेत त्या तऱ्हा जपण्यासाठी माणसं बाण झेलत बसली, ती आपण नुकतीच पाहिली आहे. दिग्दर्शकाने हे दोन तुकडे एकाच चित्रपटात ठेवले, ते चुकून नव्हे. दुसरं म्हणजे शेवटाकडची एक चौकट. महालाचं दार बाणांनी भरून गेलंय आणि मधोमध माणसाच्या आकाराची मोकळी जागा. राजा त्याला वीराचा अंत्यविधी देतो, संवाद राजाच्या बाजूने आहेत, सगळं खरं. पण त्या मोकळ्या जागेकडे बघताना राजाचं कौतुक वाटत नाही.

या चित्रपटांत बायका एवढ्या ठळक कशा?

जुन्या चिनी कथांमध्येच तलवारवाल्या स्त्रिया आहेत. 'अ टच ऑफ झेन'चं बीज पू सोंगलिंग यांच्या अद्भुतकथेत आहे आणि 'द असॅसिन'चं थांग राजवटीच्या काळातल्या एका कथेत. ऑपेरातही स्त्री-योद्ध्याची वेगळी भूमिका होती. १९२९ चा 'रेड हीरोइन' तर आजही पाहायला मिळतो. त्यात नृत्य शिकलेल्या नट्यांची भर पडली: चेंग पै-पै, मिशेल यो, झांग झीयी. 'क्राउचिंग टायगर'मध्ये चेंग पै-पै खलनायिका आहेत. गुरूंनी विद्या नाकारली म्हणून विषारी झालेली ती बाई मला त्या चित्रपटातलं सगळ्यांत दुःखी पात्र वाटते.

याउलट चांग चेह यांचे चित्रपट. 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' (१९६७) पासून त्यांनी पुरुषांचं, रक्ताचं, उभ्याने मरणाऱ्या नायकाचं जग उभं केलं. बायका तिथे दारात वाट पाहतात. पोटात खंजीर घेऊन दहा-वीस जणांना लोळवणारा नायक त्यांचाच. जॉन वू हे त्यांचे सहायक होते, हे कळलं की वू यांच्या पिस्तूलपटांचा उगम सापडतो.

ब्रूस ली यात कुठे बसतो?

बसत नाही. तो कुंग-फूकडचा. त्याला ताराही नको होत्या आणि तलवारही. १९७३ च्या जुलैमध्ये तो गेला तोवर त्याने सगळ्यांचं लक्ष उघड्या हातांकडे वळवलं होतं आणि वुशिया काही काळ मागे पडला.

शाओलिनची युद्धकला बोधिधर्माने भारतातून नेली, हे खरं ना?

बोधिधर्माला ध्यानपरंपरेचा आद्य गुरू मानतात आणि तो दक्षिण भारतातून आला असं बऱ्याच परंपरा सांगतात. पण त्याने युद्धकला शिकवली ही गोष्ट सतराव्या शतकातल्या एका पोथीपासून पसरली, म्हणजे हजारेक वर्षांनी. इतिहासकार ती मानत नाहीत. व्हॉट्सॲपवरचा अभिमान आवरता घ्या.

'द असॅसिन' पाहताना झोप आली. माझं चुकतंय का?

नाही. हौ श्याओ-श्येन यांना २०१५ मध्ये कानला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं म्हणून तो तुम्हाला आवडलाच पाहिजे असं नाही. पण मारामारीची वाट बघत बसलात तर नक्की झोप येईल. लढती मोजक्या आणि झटकन संपणाऱ्या आहेत.

नवव्या शतकातली गोष्ट. शू ची हिने साकारलेली यिन्न्यांग लहानपणापासून मारेकरी म्हणून घडवलेली. सुरुवातीच्या कृष्णधवल भागात ती एका अधिकाऱ्याला मारायला जाते, पण त्याच्या कुशीत मूल पाहून परतते. शिक्षा म्हणून गुरू तिला तिच्याच मामेभावाला मारायला पाठवते, ज्याच्याशी तिचं कधीकाळी लग्न ठरलं होतं. त्यानंतर ती फक्त बघते. मार्क ली पिंग-बिन यांचा कॅमेरा रेशमी पडद्यांमागून खोलीत डोकावतो, वाऱ्याने पडदा मध्ये येतो, ज्योत विरघळते, पडदा सरतो. बराच वेळ गेल्यावर लक्षात येतं की ही नजर तिची आहे आणि ती मारायचं की नाही ते ठरवते आहे. शेवटी गुरूशी गाठ पडते तेव्हा जीव जात नाही, गुरूच्या पांढऱ्या झग्याला एक चीर तेवढी पडते. सकाळी, ताज्या डोळ्यांनी, मोठ्या पडद्यावर पाहा. मोबाईलवर पाहू नका, पैसे आणि वेळ दोन्ही वाया.

वाँग कार-वाय यांचा 'ॲशेस ऑफ टाइम' कळत नाही.

पहिल्यांदा कुणालाच कळत नाही. वाळवंट, विरह, दारू आणि अधूनमधून मारामारीचे पुसट फटकारे. २००८ मध्ये त्यांनी तो पुन्हा जुळवून आणला, ती आवृत्ती पाहा. त्यांचा 'द ग्रँडमास्टर' (२०१३) तुलनेने सोपा आहे. २०१४ मध्ये गोव्यातल्या इफ्फीत वाँग यांना जीवनगौरव पुरस्कार दिला गेला, त्यामुळे आपल्याकडे त्यांच्याविषयी कुतूहल आहे, पण लोक सुरुवात नेमकी 'ॲशेस'पासून करतात आणि हाय खातात.

अलीकडचं काही?

झांग यीमौ यांचा 'शॅडो' (२०१८). रंगांचा बादशहा म्हणवणाऱ्या माणसाने रंगच काढून टाकले. सगळं शाईच्या चित्रासारखं काळं, करडं, पांढरं, आणि अखंड पाऊस. त्यात रक्त तेवढं लाल. हत्यार म्हणून पात्यांची छत्री आहे. लांब दांड्याच्या पात्याच्या आडदांड चालीला तोड म्हणून छत्रीची बायकी, कंबर लचकवणारी चाल शोधली जाते, तो सरावाचा प्रसंग चुकवू नका. 'हीरो'च्या शेवटावर ज्यांचा राग आहे त्यांनी तर हा पाहावाच. यातला राजा कुणाला पूज्य वाटण्यासारखा नाही.

संगणकावर रचलेले, देव-राक्षसांचे, ढगांत चालणारे नवे चित्रपट पुष्कळ आहेत. त्यांत शरीराला वजनच नसतं, त्यामुळे ते हलकं झाल्याचा आनंदही नसतो.

सुरुवात कोणत्या क्रमाने करावी?

'क्राउचिंग टायगर' (२०००) आधी. मग 'कम ड्रिंक विथ मी', कारण चेंग पै-पै तरुणपणी आणि उतारवयात अशा पाठोपाठ पाहायला मिळतात. मग 'हीरो'. मग सुट्टीच्या दिवशी 'अ टच ऑफ झेन', पहिला तासभर कुणी कुणाला मारत नाही हे मनाशी धरून. 'हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स' कधीही चालेल. त्यातला ढोल आणि दाण्यांचा नाच एकटा काढून पाहिला तरी पैसे वसूल. त्याच्या शेवटच्या लढतीत अचानक बर्फ पडतं, ते युक्रेनमध्ये चित्रीकरण चालू असताना खरोखरच लवकर पडलं होतं आणि दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं.

मुलांसोबत पाहायचं असेल तर 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८) घ्या. वुशिया नव्हे, कुंग-फू आहे, पण अर्धा-अधिक चित्रपट नुसत्या सरावाचा आणि पोरं खिळून बसतात. चांग चेह मुलांना दाखवू नका.

हिंदी डबिंग चालेल की मूळ आवाजच ऐकायचा?

मूळ आवाज आणि सबटायटल्स, शक्य असेल तेव्हा. पण 'मूळ'चा फार बाऊ नको. शॉ ब्रदर्सच्या काळात संवाद बहुधा नंतरच भरले जात, पडद्यावरच्या नटाचा आवाज त्याचाच असेल याची खात्री नसे. 'क्राउचिंग टायगर'मध्ये चाउ युन-फॅट हाँगकाँगचे, मिशेल यो मलेशियाच्या, दोघांचीही मँडरिन, म्हणजे चिनी प्रमाणभाषा, घरची नाही. यो यांनी तर संवाद उच्चारांवरून पाठ केले होते. चीनमधल्या प्रेक्षकांनी त्या उच्चारांना नावं ठेवली. आपल्याला ते कळत नाही, हा आपला फायदाच. घरी आजी-आजोबा सोबत असतील आणि वाचायचा कंटाळा करत असतील तर हिंदीत लावा, फक्त टीव्हीवरची कापलेली आवृत्ती टाळा. कात्री नेमकी तिथे लागते जिथे कुणीच हलत नसतं.